युद्धच संपणार नसेल, तर कैदी सुटायचा कधी?

पानगळ

मागच्या धाग्यावर ग्वांतानामोचा, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी तळावरच्या तुरुंगाचा, विषय निघाला आणि चार प्रतिसादांत त्याचं नेहमीचं लोणचं झालं. एक बाजू म्हणाली, अतिरेक्यांना कसले आलेत हक्क. दुसरी म्हणाली, अमेरिका किती ढोंगी बघा. मूळ प्रश्नात कुणालाच फारसा रस दिसला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

युद्धात शत्रूचा सैनिक हाती लागला तर त्याला खटला न चालवता डांबून ठेवता येतं. यात बेकायदा काही नाही. त्याने गुन्हा केलाय म्हणून ही कैद नसते, तो परत बंदूक घेऊन समोर येऊ नये म्हणून असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या भूमीवर चार लाखांच्या घरात युद्धकैदी होते. 'माझ्यावर आरोप काय?' असं त्यांना विचारावंच लागलं नाही, कारण ते कोण आहेत हे त्यांच्या गणवेशावर लिहिलेलं होतं. सुटका कधी, तेही ठाऊक होतं: लढाई थांबली की.

११ सप्टेंबर २००१ नंतर नेमक्या याच दोन गोष्टी गळाल्या. अमेरिकी काँग्रेसने त्याच आठवड्यात ठराव केला, १८ सप्टेंबरला बुश यांची सही झाली. त्या ठरावात शत्रूदेशाचं नाव नाही, भूगोल नाही, मुदत नाही. हल्ला ज्यांनी घडवला आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्या 'राष्ट्रां, संघटना किंवा व्यक्तीं'विरुद्ध बळ वापरायची मुभा, एवढंच. प्रतिनिधीगृहात विरोधात मत पडलं एक, बार्बरा ली यांचं. बाकी ४२० बाजूने.

आता गणवेश नसलेला माणूस पकडला तर तो लढवय्या की वाटसरू, हे ठरवायचं कुणी? यावरही जुना तोडगा आहे. तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ५ सांगतं की शंका असेल तर सक्षम न्यायाधिकरणाने निवाडा करावा. हे कागदी नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या लष्करानेच अशा १,१९६ सुनावण्या घेतल्या, त्याही युद्धभूमीच्या आसपास. त्यांत ८८६ जण विस्थापित नागरिक निघाले. चारात तीन! पकडणारे दुष्ट होते असं नाही. धुराळ्यात पकडलेल्या माणसांचं असंच होतं.

२००२ मध्ये या सुनावण्या झाल्याच नाहीत. सगळेच्या सगळे 'बेकायदा लढवय्ये' आहेत, शंकेला जागाच नाही, असं फेब्रुवारीत वरूनच ठरलं. आणि शंकेला जागा किती होती ते पाहा: अफगाणिस्तानात विमानांतून पत्रकं टाकली जात होती की तालिबान किंवा अल-कायदाचा माणूस पकडून द्या, कुटुंबाचा नि गावाचा जन्मभराचा प्रश्न मिटेल इतका पैसा मिळेल. पाकिस्तानने ३६९ जण अमेरिकेच्या ताब्यात दिले आणि त्याचे लाखो डॉलर मिळाले, हे मुशर्रफ यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. डोक्यामागे रक्कम मिळत असताना माणसं कशी गोळा होतात हे सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे. पकडायला हरकत नाही, डांबायलाही नाही. पण पकडणाराच 'हा तोच आहे' हे ठरवणार असेल, तर ती युद्धकैद राहत नाही. तपासणारा तिसरा हवा, आणि तो लवकर हवा.

एक विनंती. भारतातल्या कायद्यांवर इथे नको. तो विषय मोठा आहे आणि त्यावर आपण सगळे आधीच एकमेकांशी भांडलेलो आहोत.

---

निमित्तमात्र

वाचतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

ठोकताळा

पानगळ, मांडणी चांगली, पण सोयीची. जवळपास तीन हजार माणसं एका सकाळी मेली होती. पुढचा हल्ला कधी आणि कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वेळी टेबलावर बसून कलम ५ वाचणं सोपं नसतं.

अफगाणिस्तानातल्या तोरा बोराच्या डोंगरात सैनिक पंचनामा करणार का? साक्षीदारांच्या सह्या घेणार? बरं, सोडलेल्यांचं काय झालं तेही सांगा. कुवेतचा अब्दुल्ला अल-अजमी २००५ मध्ये ग्वांतानामोतून घरी गेला आणि २००८ मध्ये त्याने मोसुलमध्ये स्वतःला उडवलं, इराकी जवान मारले. अब्दुल कय्यूम झाकिर २००७ मध्ये सुटला आणि तालिबानचा बडा सेनापती झाला. आयसिसचा बगदादी तर २००४ मध्ये अमेरिकनांच्याच ताब्यात होता, किरकोळ समजून सोडला. पुढे 'खलिफा' कोण झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

एक निरपराध चुकून आत राहिला तर वाईटच. पण एक अजमी चुकून बाहेर गेला तर त्याची किंमत दुसरेच लोक मोजतात, आणि ते लोक कुठल्या कोर्टात जाणार? आणि हो, लिंकननेही हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घ्यायचा कैद्याचा हक्क, गुंडाळून ठेवलं होतं. त्याचा पुतळा अजून उभा आहे.

---

अर्धविराम

ठोकताळाशी बराचसा सहमत. पण एक शंका: हे सगळे अफगाणिस्तानातलेच होते ना? अमेरिकेत राहणाऱ्याला, तिथल्या नागरिकाला असं उचलता येतं का?

---

उलटतपासणी

@अर्धविराम, येतं. म्हणजे उचललं. दोन नावं सांगते, कारण दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत आणि लोक नेहमी त्यांची सरमिसळ करतात.

यासिर हमदी. जन्म लुइझियानाचा, म्हणून नागरिक, वाढला सौदीत. २००१ च्या शेवटी अफगाणिस्तानात सापडला. आधी ग्वांतानामो, मग नागरिक असल्याचं लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या नौदलाच्या तुरुंगात. वकील नाही, आरोप नाही. वडिलांनी अर्ज केला तेव्हा सरकारने पुरावा म्हणून काय दिलं? मायकेल मॉब्स नावाच्या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. नऊ परिच्छेद. मॉब्स यांनी हमदीला पकडलेलं नव्हतं, त्यांची माहिती कागदांवरून आलेली. सरकारचं म्हणणं असं की कोर्टाने हे नऊ परिच्छेद वाचावेत आणि फाइल बंद करावी.

२८ जून २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. न्या. सँड्रा डे ओकॉनर यांचं मत बारकाईने वाचण्यासारखं आहे, कारण ते दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतं. कैद करायचा अधिकार आहे, त्या म्हणतात, काँग्रेसच्या ठरावातूनच तो येतो. पण युद्ध म्हणजे नागरिकांच्या हक्कांवर राष्ट्राध्यक्षाला दिलेला कोरा धनादेश नव्हे. आपण कोणत्या कारणाने आत आहोत हे कैद्याला सांगा आणि तटस्थ माणसासमोर ते खोडायची संधी द्या. ऐकीव पुरावा चालेल, सुरुवातीचं झुकतं माप सरकारला चालेल. म्हणजे ठोकताळा म्हणतात तो पंचनामा कोर्टाने मागितलाच नव्हता! फार थोडं मागितलं होतं.

गंमत पुढे आहे. सरकारने ती थोडकी सुनावणीसुद्धा घेतली नाही. नागरिकत्व सोडायच्या अटीवर त्याच ऑक्टोबरमध्ये हमदीला सौदीत पाठवून दिलं. दोन वर्षं जो माणूस वकिलाशी बोलला तरी देश धोक्यात येईल असं सांगितलं जात होतं, तो विमानात बसून घरी गेला.

त्या निकालात सगळ्यात कडक भिन्नमत कुणाचं, तर अँटोनिन स्कॅलियांचं, आणि सोबत जॉन पॉल स्टीव्हन्स. विचारांनी दोन टोकांची माणसं. त्यांचं म्हणणं, नागरिक असेल तर दोनच रस्ते: देशद्रोहाचा खटला भरा, नाहीतर काँग्रेसला राज्यघटनेप्रमाणे हेबियस कॉर्पस स्थगित करायला सांगा. मधला रस्ता नाही. मला एरवी स्कॅलिया झेपत नाहीत, पण इथे त्यांच्याइतकं सरळ कुणी बोललं नाही.

दुसरा होझे पडिला. हा रणांगणावर नव्हताच, मे २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर उतरताना पकडला. अॅटर्नी जनरल अॅशक्रॉफ्ट यांनी मॉस्कोहून टीव्हीवर जाहीर केलं की किरणोत्सारी बॉम्बचा कट उधळला. साडेतीन वर्षं लष्करी कोठडीत, त्यात बराच काळ संपूर्ण एकांतात. त्याचा अर्ज २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला, कारण काय तर चुकीच्या जिल्ह्यातल्या कोर्टात केला म्हणून. दुसऱ्यांदा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात येतोय म्हटल्यावर सरकारने २००५ च्या नोव्हेंबरात घाईघाईने साधा फौजदारी खटला भरला. त्यात त्या बॉम्बचा उल्लेखसुद्धा नव्हता. ज्यूरीने त्याला दोषी धरलं, शिक्षा झाली, आणि ती पुढे वाढून २१ वर्षांवर गेली. म्हणजे नेहमीच्या कोर्टात हे जमत होतंच की.

लिंकनवर रात्री लिहिते, सध्या घाईत आहे.

---

निमित्तमात्र

उलटतपासणी, 'चुकीच्या जिल्ह्यातलं कोर्ट' वाचून चहा नाकात गेला.

---

पानगळ

@ठोकताळा, तुमची तीन उदाहरणं खरी आहेत, मी ती टाळणार नाही. पण नीट बघा. अजमीला कुणी सोडलं? कुवेत सरकारशी वाटाघाटी करून प्रशासनाने. झाकिरला? प्रशासनाने, अफगाण सरकारकडे. बगदादीला? इराकमधल्या लष्करी तळाच्या मंडळाने. यांतला एकही न्यायाधीशाच्या आदेशाने सुटलेला नाही. ग्वांतानामोतल्या कैद्यांना हेबियस कॉर्पसचा घटनात्मक हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते जून २००८ मध्ये, बुमेदिएन खटल्यात. त्याआधी पाचशेहून अधिक लोक बाहेर पडले होते, ते आपापल्या देशांचं वजन किती त्या हिशोबाने. ब्रिटिश आणि सौदी आधी, येमेनी शेवटी. धोकादायक कोण याच्याशी त्याचा संबंध थोडा.

जे यंत्र निरपराधाला ओळखू शकत नाही ते अपराध्यालाही ओळखत नाही. अमेरिकी गुप्तचर संचालकांचे अहवालच सांगतात की जानेवारी २००९ पूर्वी सुटलेल्यांपैकी पाचातला एक परत शस्त्राकडे वळला. नंतर प्रत्येक फाइल वेगवेगळ्या खात्यांनी मिळून तपासायला घेतली, तेव्हापासून हे प्रमाण खूपच खाली आलं. छाननी म्हणजे कैद्यावर उपकार असं तुम्ही धरून चालला आहात. ती बाहेर असलेल्यांसाठीही असते.

आणि आतल्यांचं उदाहरण हवं असेल तर सीरियाचा अब्दुल रहीम अल-जांको. अमेरिकेचा हेर म्हणून अल-कायदाने त्याचा छळ केला, तालिबानने त्याला कंदाहारच्या तुरुंगात टाकलं. अमेरिकन फौजा आल्या, आणि त्यांनी त्याला अल-कायदाचा समजून ग्वांतानामोला नेलं. २००९ मध्ये न्या. रिचर्ड लिऑन यांनी सोडलं. बुश यांनी नेमलेले न्यायाधीश हे, कुणी डावा-उजवा काढायच्या आत सांगते.

---

ढगफुटी

थांबा, पण २००४ नंतर लष्कराने सुनावण्या सुरू केल्या होत्या ना? पाचशेच्या वर झाल्या असं वाचलंय. मग 'तपासणारा कुणी नव्हता' हे कसं?

---

उलटतपासणी

झाल्या, ५५८. हमदीच्या निकालानंतर दहा दिवसांच्या आत घोषणा झाली, दर्जा-पुनर्विलोकन मंडळं. तीन लष्करी अधिकारी. कैद्याला वकील नाही, फक्त एक 'वैयक्तिक प्रतिनिधी', तोही लष्करी अधिकारी, आणि कैदी त्याला जे सांगेल ते गुप्त राहीलच असं नाही. गोपनीय पुरावा कैद्याला दाखवायचा नाही. साडेपाचशेंतले चाळीसही सुटले नाहीत.

एक सुनावणी सांगते, कारण ती पुढे न्या. जॉइस हेन्स ग्रीन यांनी आपल्या २००५ च्या निकालपत्रात उतरवली. मुस्तफा आइत इदीर, अल्जेरियाचा, बोस्नियात राहणारा. बोस्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुरावा नाही म्हणून सोडायला सांगितलं होतं, तरी अमेरिकेच्या हवाली केलेल्या सहा जणांपैकी हा एक. बुमेदिएन त्यातलाच दुसरा.

मंडळ आरोप वाचतं: बोस्नियात असताना तुझे अल-कायदाच्या एका माहीत असलेल्या हस्तकाशी संबंध होते. इदीर म्हणतो, नाव सांगा. अध्यक्ष म्हणतात, मला माहीत नाही. इदीर म्हणतो, मग मी उत्तर काय देऊ? निदान नाव कळलं तर ओळखतो की नाही ते तरी सांगेन. असं बरंच चालतं. शेवटी तो म्हणतो की माझ्या वरिष्ठाने असे आरोप माझ्यापुढे ठेवले असते तर तेच कागद मी त्याच्या तोंडावर मारले असते, माफ करा. आणि इतिवृत्तात नोंद आहे की खोलीतले सगळे हसले.

हसले, आणि त्याला 'शत्रू लढवय्या' ठरवून परत कोठडीत पाठवलं.

२००८ च्या नोव्हेंबरात याच सहा जणांचा पुरावा न्या. लिऑन यांनी पाहिला. साराएवोतला अमेरिकी दूतावास उडवायचा कट, ज्याच्यासाठी यांना उचललं होतं, तो आरोप सरकारने तोपर्यंत स्वतःच सोडून दिला होता. उरलेलं सगळं बहुतांशी एका निनावी खबऱ्यावर टांगलेलं. सहापैकी पाच जणांना सोडायचा आदेश झाला. सहाव्याची कैद त्यांनी कायम केली, हेही सांगायला हवं. न्यायाधीश डोळे मिटून सोडत नव्हते.

आता लिंकन. १८६१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हेबियस कॉर्पस स्थगित केलं तेव्हा राजधानीकडे येणारे रेल्वेपूल जाळले जात होते आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू नव्हतं. सरन्यायाधीश टेनी यांनी मेरिमन प्रकरणात सांगितलं की हा अधिकार काँग्रेसचा, लिंकननी दुर्लक्ष केलं. पण १८६३ मध्ये ते काँग्रेसकडून कायदा करून घेऊन आले. उघडपणे स्थगिती, उघडपणे जबाबदारी. २००१ नंतर कुणीही असं म्हणायचं धाडस केलं नाही की आम्ही हेबियस स्थगित करतोय. त्याऐवजी एक अशी जागा शोधली जिथे हेबियस पोचत नाही असा युक्तिवाद करता येईल. क्युबाकडून १९०३ मध्ये भाड्याने घेतलेला तळ: ताबा अमेरिकेचा, सार्वभौमत्व क्युबाचं. वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर, क्युबा तो धनादेश वटवत नाही. डिसेंबर २००१ मध्ये न्याय खात्यातल्या वकिलांनी टिपणच लिहिलं की तिथे बहुधा कोर्टाचा हात पोचणार नाही. जागा निवडली ती यासाठी.

---

कोरडा_पाऊस

अमेरिका सोडून जरा ब्रिटनकडे बघूया. ९ ऑगस्ट १९७१, उत्तर आयर्लंड. पहाटे लष्कराने छापे घालून ३४२ जणांना उचललं. खटला नाही, मुदत नाही. पोलिसांच्या याद्या जुन्या होत्या. खरे सक्रिय बंदूकधारी बरेचसे आधीच पसार, सापडले ते कधीकाळी चळवळीत असलेले म्हातारे, नागरी हक्कवाले आणि एकाच्या जागी दुसरे. पहिली दीड वर्षं सगळे कॅथलिकच. त्यातल्या चौदा जणांच्या डोक्यावर पोती घालून, सतत कर्कश आवाज लावून, भिंतीला टेकवून तासन् तास उभं केलं गेलं. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७८ मध्ये याला अमानुष आणि मानहानीकारक म्हटलं, पण 'छळ' म्हणायला नकार दिला. बुश यांच्या वकिलांना पुढे या निकालाचा फार उपयोग झाला.

हिंसा थांबेल म्हणून हे केलं. १९७२ हे त्या सगळ्या संघर्षातलं सर्वात रक्तरंजित वर्ष ठरलं. आयआरए या तिथल्या सशस्त्र संघटनेला भरतीसाठी वेगळी जाहिरात लागली नाही. १९७५ च्या डिसेंबरात हा प्रकार बंद केला तोवर दोन हजारांच्या आसपास माणसं आत जाऊन आली होती.

पानगळ यांच्या 'ठरवणारा कोण' या मुद्द्याला एक शेपूट. कैदेचा आदेश मंत्र्याने स्वतः विचार करून काढायचा असा कायदा होता. आयरिश नेता गेरी अॅडम्सच्या १९७३ च्या आदेशावर मंत्र्याने स्वतः विचार केलाच नव्हता, खालच्याने सही केली. २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मग ती कैदच बेकायदा, आणि त्या कैदेतून पळायचा प्रयत्न केला म्हणून झालेल्या शिक्षाही रद्द. सत्तेचाळीस वर्षांनी!

---

ठोकताळा

उत्तर आयर्लंडची तुलना मला पटत नाही. तिथे समाज एकाच गल्लीत राहत होता, म्हणून अटकेचा राग तिथेच फुटला. अल-कायदाचं तसं नव्हतं.

अजमीवरचं उत्तर मात्र चांगलं आहे, त्यावर विचार करीन. पण मूळ अडचण कुणी सोडवलेली नाही. परदेशी गुप्तहेराने दिलेली माहिती, फोनवरचं संभाषण, हे कोर्टात ठेवलं की स्रोत मेला. कधी कधी अक्षरशः मेला. हे कसं करणार?

---

उलटतपासणी

त्यासाठी अमेरिकेत १९८० पासून कायदा आहे, हेरगिरीचे खटले चालवता यावेत म्हणून केलेला. न्यायाधीश बंद दालनात मूळ कागद बघतात, बचाव पक्षाला सारांश किंवा पर्यायी मजकूर मिळतो, सुरक्षा-परवाना असलेले वकील मूळही पाहू शकतात. आदर्श नाही, पण चालतो. ९/११ च्या कटातला मुसावी आणि बुटात स्फोटकं लपवणारा रिचर्ड रीड यांना नेहमीच्याच कोर्टांत जन्मठेप झाली. आफ्रिकेतल्या अमेरिकी दूतावासांवरच्या बॉम्बहल्ल्यांचा आरोपी, ग्वांतानामोतून न्यूयॉर्कला नेलेला घैलानी पावणेतीनशेहून अधिक आरोपांतून सुटला आणि एकात अडकला, तेव्हा 'बघा, कोर्टं कशी सोडतात' म्हणून ओरड झाली. त्या एका आरोपावर त्याला २०११ मध्ये जन्मठेप लागली.

आता दुसरीकडे बघा. खालिद शेख मोहम्मद, ९/११ चा सूत्रधार, मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला. एकाच महिन्यात १८३ वेळा त्याच्या तोंडावर पाणी ओतून बुडवल्याचा प्रकार केला. त्याच्यावरचा लष्करी आयोगातला खटला २००८ मध्ये सुरू झाला, थांबला, २०१२ मध्ये परत सुरू झाला. जबाबातलं काय ग्राह्य आणि काय अत्याचारातून आलेलं, यावर वर्षानुवर्षं वाद. २०२४ मध्ये गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात फाशी नाही असा करार झाला, दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते मागे घेणं उचलून धरलं. ज्याचा गुन्हा सिद्ध करणं सर्वात सोपं होतं त्याचाच खटला उभा राहत नाही. न्यूयॉर्कमधल्या मृतांच्या नातेवाइकांनाही न्याय मिळालेला नाही, ठोकताळा. तुम्ही विचारलं होतंत ना, ते कुठल्या कोर्टात जाणार म्हणून.

---

ढगफुटी

कोरेमात्सू कुणी आणलं कसं नाही अजून?

---

पानगळ

आणायचंच होतं. थोडक्यात: १९४२ मध्ये रूझवेल्ट यांच्या आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत ठेवलं, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक. फ्रेड कोरेमात्सू गेला नाही, म्हणून शिक्षा. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती योग्य ठरवली. १९८३ मध्ये ती रद्द झाली, कारण सरकारच्या वकिलांनी अनुकूल नसलेले गुप्तचर अहवाल कोर्टापासून लपवल्याचे कागद सापडले. तिथेही 'सरकारला माहीत आहे, विश्वास ठेवा' हेच चाललं होतं. १९८८ मध्ये काँग्रेसने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

२००३ मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या कोरेमात्सूने ग्वांतानामोच्या कैद्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिलं. त्या माणसाबद्दल मला याचंच सर्वात जास्त वाटतं.

---

अर्धविराम

हे सगळं ठीक, पण शीर्षकातला प्रश्न तसाच राहिला. युद्ध संपलं हे जाहीर कोण करतं?

---

उलटतपासणी

कायद्याचं उत्तर निराश करणारं आहे. १९४८ मध्ये, जर्मनी शरण येऊन तीन वर्षं झाल्यावरही, सर्वोच्च न्यायालयाने 'युद्ध' चालू धरून एका जर्मन नागरिकाची हकालपट्टी मान्य केली. युद्ध कधी संपलं हे राजकीय शाखेने ठरवायचं, आम्ही नाही, असं म्हणून.

पण तडे आहेत. ओकॉनर यांनीच हमदीच्या निकालात लिहून ठेवलंय की हा संघर्ष आजवरच्या युद्धांपेक्षा अगदीच वेगळा निघाला तर 'युद्ध संपेपर्यंत कैद' ही समजूत उसवू शकते. २०१९ मध्ये येमेनच्या अल-अलवीचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा न्या. ब्रायर यांनी वेगळं टिपण लिहून म्हटलं की आता या प्रश्नाला भिडायची वेळ आली आहे. कोर्ट भिडलं नाही. अलवी आणखी दहा जणांबरोबर जानेवारी २०२५ मध्ये ओमानला गेला, तो सरकारच्या मर्जीने.

एकच खिडकी उघडलेली मला माहीत आहे. असदुल्ला हारून गुल, अफगाण. त्याची संघटना हिज्ब-ए-इस्लामी हिने २०१६ मध्येच काबूल सरकारशी समझोता केला होता. त्याचं युद्ध तरी संपलं ना, हा त्याच्या वकिलांचा मुद्दा. न्या. अमित मेहता यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची कैद बेकायदा ठरवली. सुटून घरी गेला तो जून २०२२ मध्ये.

---

ठोकताळा

गुलचं माहीत नव्हतं. हे मला मान्य करता येईल: संघटना संपली किंवा तहाला बसली, तर तिच्या माणसाला धरून ठेवायचा आधार संपला. पण मग अबू झुबैदाचं काय? त्याची कुठली संघटना, कुठला तह?

---

पानगळ

तेच तर. मार्च २००२ मध्ये फैसलाबादला पकडला. अल-कायदाचा तिसऱ्या क्रमांकाचा म्हणून जगभर जाहीर झालं. ८३ वेळा पाण्याचा प्रयोग. २००९ मध्ये सरकारने कोर्टात सांगितलं की तो अल-कायदाचा सदस्य होता असं आम्ही आता म्हणत नाही, पण मदत करत होता म्हणून कैद चालूच. आजवर त्याच्यावर एकही आरोप ठेवलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये आत उरलेल्या पंधरांत तो होता. आरोप नाही, आणि सोडण्यायोग्यही नाही, अशा तिघांतला एक.

तुम्ही काय कराल त्याचं? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

---

ठोकताळा

खटला. साध्या कोर्टात, जे काही ग्राह्य उरलं असेल तेवढ्यावर. सुटला तर सुटला असं लिहायला माझा हात अजून धजत नाही.

---

कोरडा_पाऊस

ठोकताळा, ते लिहायला ब्रिटनचाही धजला नव्हता. बेलमार्श तुरुंगातल्या परदेशी संशयितांची बेमुदत कैद तिथल्या सर्वोच्च पीठाने डिसेंबर २००४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी नाकारली. मुद्दा साधा होता: ब्रिटिश संशयित मोकळे आणि परदेशी आत, हा भेद का? सरकारने काही महिन्यांतच नवा कायदा करून त्यांना घरी पाठवलं: पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा, संचारबंदी, फोन-इंटरनेट बंद, पाहुण्यांना परवानगी. खटला तरीही नाहीच. त्यावर पुढची सहा वर्षं वेगळी कोर्टबाजी झाली. त्याचा वेगळा धागा काढतो रविवारी, इथे मावणार नाही.